जाणारीच्या जागी कोण?

पत्र थोडक्यात: मी २७ वर्षांची, मूळची लातूरकडची. पुण्यात कर्वेनगरला टू बीएचकेमध्ये आम्ही तिघी राहतो. भाडं २७,०००, डिपॉझिट ९०,०००. दोन्हीचे सारखे तीन वाटे. तिघींतली सगळ्यात जुनी मैत्रीण महिनाअखेरीला बंगळुरूला चालली आहे, कंपनीने बदली केली. पाच आठवडे आधी तिने आम्हाला सांगितलं. करार संपायला अजून पाच महिने आहेत. सोडणारीने आपल्या जागी मुलगी आणून द्यायची, असं आमच्यात पूर्वीपासून ठरलेलं. तिने चार मुली आणल्या. एक इस्पितळात रात्रपाळी करणारी, एक धाकट्या भावाला दोन महिने सोबत ठेवते म्हणणारी, आणि एकीचं नाव ऐकूनच आम्ही पुढे काही विचारलं नाही. चौथी आवडली, पण तिला ऑफिसजवळ जागा मिळाली. आता जाणारी म्हणते, मी माझं काम केलं, पुढच्या महिन्यापासून भाडं देणार नाही, माझे ३०,००० द्या. आमचं म्हणणं, नवी मुलगी मिळेपर्यंत, नाहीतर करार संपेपर्यंत, तिने भाडं द्यावं. घरमालक काका नाशिकला असतात, त्यांना अजून सांगितलेलं नाही. तसं करारावर नाव जाणारीचंच आहे, पण काका आम्हाला ओळखतात. बहिणींसारख्या राहायचो, आता स्वयंपाकघरात समोरासमोर आलो तरी बोलत नाही. ताई, चूक कुणाची?

पत्रात ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीवरच येते.

तुझं मूळ पत्र लांबलचक आहे, वर त्याचं सार दिलंय. दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक मोजदाद केली. त्या मैत्रिणीचं नाव पत्रात एकदाच येतं, पहिल्या ओळीत. पुढे अकरा वेळा ती 'जाणारी'. अजून बारा दिवस आहेत तिला जायला, तिचा टॉवेल तुमच्याच दोरीवर वाळतोय, आणि पत्रातून ती कधीच गेली. मी तिला तुझी मैत्रीणच म्हणणार आहे, चालवून घे.

आता त्या एका वाक्याकडे येते. 'तसं करारावर नाव जाणारीचंच आहे.' अख्खं पत्र भाड्याच्या नऊ हजारांवर आणि कोण काय बोललं यावर, आणि सगळ्यात मोठी गोष्ट 'तसं' म्हणून, जाता जाता सांगितलीस. माझ्याकडे अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात, कॉलेजं सुरू होतात, बदल्या होतात तेव्हा. त्यातल्या बऱ्याच पत्रांत खरा घोळ असाच एखाद्या 'तसं'मागे लपलेला असतो.

या 'तसं'चा अर्थ असा, की कागदाच्या हिशेबाने तू त्या घरात राहतच नाहीस. काकांनी राहायला दिलंय ते तुझ्या मैत्रिणीला. तू आणि तिसरी, तुम्ही तिच्या पाहुण्या. आपल्याकडे अकरा महिन्यांचा जो लिव्ह अँड लायसन्स करार होतो, त्यात घर वापरायला मिळतं ते परवान्यावर, आणि परवाना ज्याच्या नावे असतो तो त्याच्यापुरताच असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार असा परवाना घेणाऱ्याला तो परस्पर दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. म्हणजे 'ती जाईल, तिच्या जागी दुसरी येईल, करार चालू राहील' हे जे तुम्ही तिघींनी गृहीत धरलंय, ते काकांच्या सहीशिवाय होतच नाही. तुम्ही जिची जागा भरायला निघालात, तिच्या नावावरच तर तुमची जागा उभी आहे!

जरा तिच्या बाजूने बघ. तू पाठवलेल्या कराराच्या फोटोत लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, सहा महिन्यांचं आहे आणि ते संपलंय. त्यापुढे एक महिन्याची नोटीस. उद्या सकाळी तिने काकांना चार ओळी लिहिल्या, 'महिन्याने घर सोडते, डिपॉझिट माझ्या खात्यात पाठवा', तर काका काय करतील? करारात ९०,००० मिळाले म्हणून तिचंच नाव आहे, ते तिलाच पाठवतील. तुझे ३०,००० तू तुझ्या आधीच्या मुलीला पाठवले होतेस, तिसरीने तर रोख दिले होते. ते पैसे आता मैत्रिणीच्या नावाखाली बसलेत. आणि महिन्याभरात तुम्हा दोघींना बॅगा भराव्या लागतील.

तिने हे केलेलं नाही. ऑफिस सुटल्यावर चार मुलींना घर दाखवलं, चहा केला, मोठी खोली कुणाची, पाणी किती वाजता येतं, सगळं समजावून सांगितलं. हे तूच लिहिलंयस.

आणि तिलाही धोका आहे. ती बंगळुरूला गेली आणि करार तसाच राहिला, तर तुम्ही भाडं थकवलंत, दार मोडलंत, मुदत संपल्यावर घर सोडलं नाहीत, तरी काका बोट दाखवणार तिच्याकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा रिकामी केली नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि तीही करारातल्या नावालाच. तेव्हा 'करार संपेपर्यंत तिने भाडं द्यावं' हा तुमचा हट्ट म्हणजे राहायचं तुम्ही आणि तिथून साडेआठशे किलोमीटरवर बसून जबाबदारी तिने घ्यायची.

मी नोकरीला लागले तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत चार कॉट. घरमालकीण आजी फारसं शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. एखादी मुलगी सोडून चालली की तिच्या नावावर रेघ मारायच्या, शेजारी नवीचं नाव आणि अनामत रक्कम, आणि दोघींनी समोर बसून सही करायची. मग देवापुढची साखर. तेव्हा आम्ही त्या वहीला हसायचो.

करार एकाच नावावर का झाला, तर 'काका म्हणाले एका नावावर केला की खर्च वाचतो', असं तू लिहितेस. काकांचा हेतू वाईट नसेल, पण हे खरं नाही. मुद्रांक शुल्क डोक्यांवर लागत नाही, भाड्यावर आणि डिपॉझिटवर लागतं. एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. तुमचाच हिशेब मांडते. अकरा महिन्यांचं भाडं २,९७,०००. नव्वद हजारांवरचं अकरा महिन्यांचं व्याज ८,२५०. बेरीज ३,०५,२५०, त्याचा पाव टक्का ७६३ रुपये. आठशे धर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. झाले अठराशे, वर एजंट घेईल ते. तिघींत वाटलं तर हा खर्च माणशी सहाशे रुपये! एजंट जास्तीच्या अंगठ्याचे दोन-तीनशे जादा मागेल, तेवढेच. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठ्याच्या ठशावर काम होतं, काकांना नाशिकहून पुण्याला यायचीही गरज पडू नये, एजंटला तेवढं आधी विचारून घ्या. शिवाय करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ५५ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे, न केल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. काकांना हे धमकी म्हणून सांगू नकोस. नवा करार करू म्हटल्यावर ते कुरकुरले, तर 'काका, तुमच्याच सोयीचं आहे' म्हणायला उपयोगी पडेल.

आता तुझा प्रश्न, चूक कुणाची. चूक म्हणण्यापेक्षा भुर्दंड कुणी सोसायचा ते बघू, कारण तुमचं अडलंय तिथेच.

'सोडणारीने मुलगी आणायची' हा अलिखित नियम पुण्यातल्या, मुंबईतल्या बहुतेक शेअरिंगच्या घरांत असतो, आणि तो वाईट नाही. पण त्याला एक शेपूट असतं, ते सोयीने विसरलं जातं. आणायचं तिने, पसंत करायचं राहणाऱ्यांनी, पण नापसंतीचा खर्चही राहणाऱ्यांचाच. नाहीतर तुम्ही आरामात नाकारत बसणार आणि मीटर तिचा पळणार. हे तर मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखं झालं, कांदेपोह्यांचा खर्च मात्र तिसऱ्याच घरी!

तुमच्या नकारांपैकी एकाच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने उभी राहीन. भावाला दोन महिने ठेवायचं म्हणणारी. तीन मुलींच्या घरात चौथं माणूस, तेही न विचारता गृहीत धरलेलं. नाही म्हणालात, बरोबर केलंत.

रात्रपाळीवालीचं मला कळलं नाही. सकाळी सहाला कुलूप वाजतं म्हणून नाही म्हणालात. पण अगं, ती दिवसा झोपणार, म्हणजे सकाळी सात ते नऊ बाथरूमसाठी तुमची जी रांग लागते, त्यात ती नसणार. गॅसवर दोन डबे एका वेळी होत नाहीत म्हणून तू दीड परिच्छेद लिहिलायस, त्यातही ती नसणार. लॅचची किल्ली दिली, दरवाज्याखाली रबराची पट्टी लावली की कुलपाचा प्रश्न सुटला असता. तुम्ही तिला विचारलंत का काही? की इस्पितळ आणि रात्र हे दोन शब्द ऐकले आणि तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी भलतंच उभं राहिलं?

आणि ती तिसरी, जिचं नाव ऐकून तुम्ही पुढे विचारलं नाही. तुम्ही तिला वर बोलावलंत, पाणी दिलंत, तिने नाव सांगितलं, तुम्ही एकमेकींकडे बघितलंत आणि 'कळवतो' म्हणालात. या ओळीवर मी बराच वेळ थांबले, कारण त्याच पत्रात पुढे तू स्वतःचं सांगतेस. पुण्यात आलीस तेव्हा एका बाईंनी 'मराठवाड्याची का?' म्हणून विचारलं आणि खोली भरली म्हणाल्या, आणि आठवडाभराने त्याच खोलीची जाहिरात तुला परत दिसली. ते तुला चार वर्षांनी तारखेसकट आठवतंय. त्या मुलीलाही तुमचा जिना आठवत राहील. कुणाबरोबर राहायचं हे ठरवायचा तुला हक्क आहे. पण तो नकार मैत्रिणीच्या खात्यावर टाकू नकोस.

मग पुढच्या महिन्याचे नऊ हजार कुणाचे? माझा निवाडा असा, आणि हा कायद्याचा नव्हे, माझा. तुझ्या मैत्रिणीनेही एक चूक केलीय. तुम्हाला पाच आठवडे आधी सांगितलं, तेव्हाच काकांना लेखी कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर नोटिसीचा महिना आत्ता संपत आला असता. तो आता पुढे जाणार. तुम्ही दोघींनी तीन नकार दिलेत, त्यातला एक योग्य, दोन नाहीत. तेव्हा नोटिसीच्या त्या एका महिन्याचे नऊ हजार तिघींनी सारखे सोसा, तीन-तीन हजार. त्या महिन्यात तू १२,००० भरशील. नवी मुलगी दहा तारखेला आली तर तिथून पुढचं भाडं तिचं, आणि तेवढ्या प्रमाणात तुम्हा तिघींचं ओझं कमी. त्यानंतर मैत्रिणीकडे एक रुपया मागायचा नाही. आणि तुमचं नाकारणं चालूच राहिलं तर दर महिन्याला माणशी १३,५०० भरायचे, हा आकडा फ्रिजवर लिहून ठेव. पुढची मुलगी बघताना नजर आपोआप निवळेल.

बारा दिवसांत काय करायचं, तर आधी काकांना फोन. आज. तिघींनी मिळून, फोन स्पीकरवर टाकून. तुला भीती वाटतेय की काका सगळ्यांनाच जा म्हणतील, किंवा भाडं वाढवतील. वाढवू शकतात, नवा करार म्हटला की हजार-दीड हजार मागतील कदाचित. पण तुमच्या हातातही काही आहे. घर महिनाभर रिकामं राहिलं तर त्यांचे सत्तावीस हजार जातात, वर रंगकाम, वर एजंटची दलाली. दोन मुली वेळेवर भाडं देणाऱ्या, घर जपणाऱ्या, जागेवर बसल्यात. कुठल्याही शहाण्या घरमालकाला हे कळतं. आणि ते जा म्हणालेच, तर आत्ता कळलेलं बरं. पाच महिने लपूनछपून राहून वॉचमनच्या रजिस्टरमुळे कळण्यापेक्षा बरंच.

फोननंतर मैत्रिणीने काकांना लेखी नोटीस पाठवायची, ईमेल किंवा व्हॉट्सअॅप, तारखेसकट. व्हॉट्सअॅपवर असेल तर त्यांच्याकडून 'मिळाली' एवढं तरी लिहून घ्या. त्या महिन्यात तिसरी मुलगी शोधा. महिना संपताना जुना करार संपल्याचं काकांच्या सहीने लिहून घ्या आणि नवा करार तिघींच्या नावावर नोंदवा. तिसरी नाहीच मिळाली तर दोघींच्या नावावर करा, पण बिननावाच्या राहू नका. नव्या मुलीची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, तो फॉर्म महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येतो, आणि सोसायटीलाही कळवायचं असतं. दोन्ही कामं काकांची. नाशिकहून ते विसरतील, म्हणून आठवण तू कर.

डिपॉझिटचं नीट ऐक, कारण मैत्रिणी इथेच तुटतात. आत्ता तुमच्याकडे चालते ती हातोहात पद्धत: नवीने सोडणारीला तीस हजार द्यायचे, सोडणारी मोकळी. दिसायला किती सोपं! पण यात काकांच्या कागदावर काहीच बदलत नाही. तीन मुली बदलल्या की चौथीला कळतही नाही आपले पैसे कुणाच्या नावावर आहेत. यावेळी नवीचे तीस हजार बँकेतून थेट काकांच्या खात्यात जाऊ देत. काका मैत्रिणीचे तीस हजार तिला परत करतील. नव्या करारात लिहायचं, डिपॉझिट ९०,०००, तिघींचे प्रत्येकी ३०,०००. आणि मैत्रिणीकडून एक साधा कागद: 'माझ्या नावावरच्या ९०,००० पैकी ६०,००० या दोघींचे होते, माझे ३०,००० मला मिळाले, आता माझं काही येणं नाही.' सही, तारीख. तिला हा कागद मागताना लाज वाटून घेऊ नकोस. तिलाही तुमच्याकडून तसाच उलटा कागद हवा असेल, तो दे. काका म्हणाले की 'तुम्हीच आपापसात बघा', तर करारातली ती तीन नावांची ओळ तरी सोडू नका.

ती जाईल त्या दिवशी वीज मीटरचा फोटो काढा. बिल महिनाभराने येतं आणि तोवर तिचा नंबर बदललेला असतो. गॅस, इंटरनेट तिच्या नावावर असेल तर आत्ताच बदलून घ्या. ओटीपी तिच्या मोबाईलवर येत राहिला की दर वेळी तिला मेसेज करावा लागतो, आणि न बोलणाऱ्या माणसाला ओटीपी मागण्यासारखी शिक्षा नाही. मावशींचा पगार, पाण्याचे जार, पेपर, तिच्या वाट्याचं सगळं त्या दिवसापर्यंत. वॉशिंग मशीन तिघींनी मिळून दोन वर्षांपूर्वी १५,००० ला घेतलंत, ती तिचे पाच हजार मागतेय म्हणून तू रागावली आहेस. पाच हजार जास्तच आहेत, पण शून्यही बरोबर नाही. तसलं जुनं मशीन आज ऑनलाइन कितीला जातंय ते तिच्यासमोर बघा, त्याला तीनने भागा, तेवढे द्या. नवी मुलगी आल्यावर तिच्याकडून मात्र मशीनचे पैसे मागू नकोस. आधीच ती तीस हजारांची तजवीज करत असेल.

नवी मुलगी कशी बघायची याबद्दल थोडं. रविवारी दुपारी बोलावू नका, रविवारी दुपारी सगळी घरं छान दिसतात. मधल्या वारी रात्री आठला बोलवा, तिघी घरी असताना, कुकर लावलेला असताना. तिला बेसिनचा नळ गळतो ते दाखवा, पाणी किती वाजता जातं ते सांगा, मोठ्या खोलीचं भाडंही सारखंच आहे हे सांगा (हे तुमचं मला पटत नाही, अटॅच्ड बाथरूमवालीने हजार जास्त द्यायला हवेत, पण तो तुमचा प्रश्न). मग तीन-चार गोष्टी सरळ विचारा: पगार कोणत्या तारखेला होतो, घरचं कुणी आलं तर किती दिवस राहतं, ताप आला तर कुणाला फोन करायचा, आधीचं घर का सोडलं. आणि तिला विचारू दे. तुझ्या मैत्रिणीशी तिला दहा मिनिटं एकटीला बोलू दे, तुम्ही बाहेर जा. घर सोडून जाणारं माणूस घराबद्दल जेवढं खरं सांगतं तेवढं कुणी सांगत नाही.

ऑनलाइन जाहिरात टाकणार असाल तर एवढं सांभाळा. घर न बघताच 'मी लष्करात आहे, बदली होऊन येतेय, लगेच टोकन पाठवते, हा कोड स्कॅन करा' असे मेसेज येतात. पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून जाणार. आणि जाहिरातीत दरवाज्यावरच्या नंबराचा, सोसायटीच्या पाटीचा फोटो नको.

हे उत्तर जरा मोठं झालं, पण याच विषयावरची आणखी पत्रं पडून आहेत, त्यांनाही यातच थोडं उत्तर देते. हिंजवडीच्या एका मुलाने विचारलंय, रूममेट भाडं न देता निघून गेला, त्याच्या डिपॉझिटमधून वळतं करू का. बाबा रे, डिपॉझिट तुझं नाही, घरमालकाकडचं आहे. त्यांना लेखी कळव, त्यांच्या संमतीने वळतं कर आणि उरलेले त्याला परत दे. ठाण्याच्या एका वाचकाच्या करारात चौघांची नावं आहेत आणि एक निघालाय. तुमचं या मुलीपेक्षा बरं आहे, पण तुमच्या करारात भाडं चौघांनी मिळून द्यायचं लिहिलंय, म्हणजे तो गेला तरी घरमालक उरलेल्या तिघांकडे पूर्ण भाडं मागणार. नव्याचं नाव घालायला तुम्हालाही करार नव्यानेच करावा लागेल. पीजीमध्ये राहणाऱ्यांनी यातलं डिपॉझिटचं तेवढं घ्यावं, पावती घ्या, बाकी तुम्हाला लागू नाही.

परत तुझ्याकडे. मैत्रिणीला काय लिहू, असं तू शेवटी विचारलंयस. बोलणं बंद आहे म्हणतेस, म्हणून मेसेजच करावा लागेल. ग्रुपवर नको, तिच्या नंबरवर. मी लिहिलं असतं तर असं:

'आपण तिघी आज रात्री काकांना फोन करू या का? तू मुली आणल्यास, आम्ही दोन उगाच घालवल्या, हे खरंय. पुढच्या महिन्याचे तीन-तीन हजार आपण वाटून घेऊ, त्यापुढे तुझा काही संबंध नाही. तुझे तीस हजार करार होईल त्या दिवशी. तिकीट कधीचं आहे?'

तुझ्या शब्दांत बदल, पण 'हे खरंय' काढू नकोस, आणि शेवटचा प्रश्नही.

आणि ती इस्पितळातली मुलगी. तिचा नंबर मैत्रिणीच्या फोनमध्ये अजून असेल. जागा मिळाली का, एवढं विचारून बघा. मिळाली नसेल तर यावेळी संध्याकाळी पाचला बोलवा, तिची झोप झालेली असेल आणि ड्यूटीला जायला वेळ असेल.